चार बोटांचा प्रवास

हेड उचललं तेव्हा खाली तीन गोल भोकं दिसली. गाडीचं सगळं बळ जिथून येतं ती जागा एवढीशी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

गाडी पांढरी मारुती ८००, नव्वदच्या दशकातली, कार्बोरेटरवाली. चांदवडकडून येताना भावडबारी घाटात तापली, बोनेटखालून वाफ आली आणि उरलेला रस्ता तिनं एका पिकअपच्या मागे टोचनवर काढला. देवळ्यात कळवण रस्त्याला एक छोटं गॅरेज आहे. तिथल्या मेस्तरींना लहानथोर सगळे आबा म्हणतात. गाडी आत ढकलली तसं त्यांनी "काय व्हयनं?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ऑइलची पट्टी ओढून काढली. पट्टीवर काळं ऑइल दिसायला हवं होतं, तिथे दुधाळ चहासारखं काहीतरी चिकटलेलं होतं.

"पाणी शिरलं भाऊ. हेड खोलावं लागंल."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसलो ते संध्याकाळपर्यंत उठलोच नाही. या इंजिनाच्या जोरावर मी वर्षानुवर्षं सटाण्याला, मालेगावला, वणीच्या गडावर जाऊन आलो होतो. पण त्याच्या पोटात काय आहे हे पहिल्यांदाच बघत होतो.

तिन्ही भोकांचा व्यास ६८.५ मिलिमीटर. आमटीची लहान वाटी त्यात अलगद उतरेल. आत पिस्टन वर-खाली जातो तो ७२ मिलिमीटर. मी हाताची चार बोटं जोडून भोकाशी धरली, आणि पिस्टनचा अख्खा प्रवास त्या चार बोटांत मावला. वाटीएवढ्या तोंडाचं क्षेत्रफळ आणि चार बोटांची खोली यांचा गुणाकार केला की एका सिलिंडरला २६५ घनसेंटिमीटर येतात. त्याची तिप्पट ७९६. गाडीच्या नावातले ८०० ते हेच. म्हणजे पाण्याच्या एका बाटलीत मावेल एवढ्या पोकळीनं पाच माणसं आणि डिकीतलं सामान घाटावर ओढून आणलं होतं.

इंजिनची ताकद ३७ हॉर्सपॉवरच्या आसपास. सतत ओढत राहणारा एक बैल साधारण अर्धा हॉर्सपॉवर देतो असं धरतात. म्हणजे सत्तरहून अधिक बैल. एवढे बैल एका ओळीत जुंपायचे म्हटलं तर देवळ्याच्या बाजारपेठेत ती रांग मावणार नाही. ते सगळे इथे, दोन्ही हातांनी मिठी मारता येईल अशा एका डब्यात.

या डब्याचं मूळ जपानमधल्या हामामात्सु गावात आहे. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ साली तिथे मागाचा कारखाना काढला. पन्नासच्या दशकापर्यंत सुझुकी हे नाव मुख्यतः मागांसाठीच होतं, १९५५ साली त्यांनी पहिली छोटी गाडी बाजारात आणली. मला हे कळलं तेव्हा आधी मालेगाव आठवलं. देवळ्याहून तासाभराच्या अंतरावर रात्रंदिवस यंत्रमाग खडखडत असतात. मागातला धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे जातो, क्षणभर थांबतो, परत येतो. कॅम फिरतो आणि ठरल्या क्षणी धागे उचलतो. इंजिनात पिस्टन तसाच जातो, थांबतो, परत येतो, आणि कॅम फिरून ठरल्या क्षणी व्हॉल्व्ह उचलतो. ज्या हातांना ये-जा आणि फिरणं यांची सांगड घालायची सवय होती, ते हात इंजिनाकडे वळले यात मला मोठी सुसंगती वाटते.

जपानमध्ये त्या काळी छोट्या गाड्यांच्या एका वर्गाला ५५० सीसीची मर्यादा होती. त्याच घराण्यातलं थोडं मोठं, ७९६ सीसीचं भावंड भारतात आलं. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला किल्ली दिली गेली. पाठोपाठ हेच इंजिन मारुती व्हॅनच्या, म्हणजे पुढे जिला आपण ओमनी म्हणू लागलो तिच्या, पुढच्या सीटखाली जाऊन बसलं. पुढे त्याच मापांच्या सिलिंडरवर सहाऐवजी बारा व्हॉल्व्हचं हेड बसलं आणि ते अल्टोत गेलं. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण ७९६ हा आकडा त्यानंतरही बरीच वर्षं रस्त्यावर येणाऱ्या नव्या गाड्यांच्या कागदांवर होता. आमच्या भागात लग्नाचं वऱ्हाड, शाळेची पोरं, दवाखान्यात न्यायचा पेशंट, वणीच्या देवीला निघालेलं कुटुंब, या सगळ्यांना या तीन भोकांनी वाहिलं आहे.

आबांनी फ्लायव्हील हातानं फिरवलं. मधला पिस्टन वर आला, कडेचे दोन खाली एकाच उंचीवर राहिले. तिघं कधीच एका पातळीत येत नाहीत, कारण त्यांच्या ये-जेनं फिरणाऱ्या क्रँकवर ते एकमेकांपासून १२० अंशांवर बसवलेले आहेत.

प्रत्येक पिस्टनला चार कामं. खाली जाताना हवा आणि पेट्रोल आत ओढायचं, वर येताना ते जवळपास नऊ पटींनी दाबायचं, जळालेल्या वायूच्या रेट्यानं पुन्हा खाली जायचं, आणि वर येताना धूर बाहेर ढकलायचा. निकोलाउस ओटो यांनी १८७६ साली जर्मनीत हे चार पावलांचं इंजिन चालवून दाखवलं, आणि तो क्रम आजही तसाच आहे. चारपैकी एकाच पावलात कमाई आहे, बाकी तीन पावलं खर्चाची. चार पावलांत क्रँकचे दोन फेरे होतात आणि त्या दोन फेऱ्यांत तीन सिलिंडर एकेकदा पेटतात, पहिला, मग तिसरा, मग दुसरा. दोन फेरे म्हणजे ७२० अंश. त्याला तीननं भागलं तर दर २४० अंशांनी एक पेट. पण पेटलेला वायू पिस्टनला ढकलतो तो फार तर १८० अंश. मग मधले ६० अंश?

त्या ६० अंशांत इंजिनाला ढकलणारं कोणीच नसतं. तीनही पिस्टन खर्चाच्या पावलात असतात. तेवढा वेळ गाडी ओढतं ते फ्लायव्हील, मागच्या पेटण्यातून साठवलेल्या वेगावर. जुन्या मारुतीत बसून सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंगला जी बारीक थरथर जाणवते, तिच्यात या रिकाम्या ६० अंशांचा वाटा आहे. दुसरा वाटा कडेच्या पिस्टनांचा. एक टोक वर जात असताना दुसरं खाली येतं, आणि इंजिन पाळण्यासारखं लांबीच्या दिशेनं डुलू पाहतं. चार सिलिंडरच्या गाडीतून उतरलेल्या माणसाला ही थरथर दोष वाटते. मला आता ती इंजिनाची नाडी वाटते.

वेगाचा हिशेब केला तर डोकं चक्रावतं. ६० च्या वेगानं टॉप गिअरमध्ये चालताना हे इंजिन मिनिटाला अडीच हजारांहून जास्त फेरे घेतं. एक पाऊल पडायला सेकंदाचा साधारण ऐंशीवा भाग लागतो. पापणी लवायला एक दशांश सेकंद धरला, तरी तेवढ्यात प्रत्येक पिस्टनची आठ पावलं पडून गेलेली असतात. आता पेट्रोल बघा. गाडी लिटरला २० किलोमीटर देत असेल तर ६० च्या वेगाला मिनिटाला ५० मिलिलिटर पेट्रोल लागतं, आणि तेवढ्या वेळात सुमारे चार हजार वेळा ठिणगी पडते. भागाकार केला की दर पेटण्याला पेट्रोलचा एक थेंबसुद्धा येत नाही. एका थेंबाचे चार वाटे करावेत आणि त्यातला एक वाटा घालावा, एवढंच. तो पाव थेंब कार्बोरेटरच्या सुईएवढ्या भोकातून, निव्वळ हवेच्या ओढीनं, दर वेळी जवळपास तेवढाच बाहेर येतो. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. एक पितळी जेट आणि एक फ्लोट.

आणि हवा? एक लिटर पेट्रोल नीट जळायला नऊ हजार लिटरांहून जास्त हवा लागते. मी हा आकडा आबांच्या कॅलेंडरच्या मागे दोनदा करून बघितला. पेट्रोलच्या वजनाच्या जवळपास पंधरापट हवा हवी, आणि हवा हलकी असल्यामुळे तिचं आकारमान असं फुगतं. एका लिटरमागे जमिनीपासून छतापर्यंत भरलेली एक छोटी खोली. आपण म्हणतो गाडी पेट्रोलवर चालते. खरं तर ती हवा खाते आणि तोंडी लावायला पेट्रोल घेते.

पेटतं म्हणजे स्फोट होतो असं मला शाळेपासून वाटत आलं होतं. तसं नाही. प्लगच्या जेमतेम एक मिलिमीटर फटीत ठिणगी पडते, १२ व्होल्टच्या बॅटरीचे कॉइलनं हजारो व्होल्ट केलेले असतात, आणि तिथून ज्योत वणव्यासारखी कडेकडे पसरत जाते. तिला भिंतीपर्यंत पोचायला वेळ लागतो म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच टाकावी लागते. ज्योत पसरण्याऐवजी कोपऱ्यातला वायू आपोआप एकदम पेटला, तर मात्र तो खराखुरा स्फोट. चढावर टॉप गिअरमध्ये रेटताना जो टकटक आवाज येतो तो हाच. तो आवाज आला की गिअर उतरवावा, पिस्टन हातोड्याचे घाव सोसत असतो.

जोरात गाडी रेटली की पेटण्याच्या क्षणी त्या वाटीएवढ्या पिस्टनवर दीड टनाच्या आसपास दाब येतो. आणि ५,५०० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला १८३ वेळा पूर्ण थांबतो. वर गेला की थांबतो, खाली आला की थांबतो. थांबून उलट फिरताना त्याच्यावर येणारा ताण त्याच्या वजनाच्या दीड हजारपटीच्या आसपास जातो. हातातला पिस्टन २०० ग्रॅमचा धरला, तर त्या क्षणी तो कनेक्टिंग रॉडला ३०० किलोंनी ओढतो. कांद्याच्या ५० किलोच्या सहा गोण्या एका पिनेला टांगलेल्या, आणि त्या सेकंदात नव्वदहून जास्त वेळा वर-खाली. लोखंडाला हे झेपतं कसं?

आबांनी क्रँककडे बोट दाखवलं. "लोखंड लोखंडाला लागतच नाही भाऊ. लागलं की संपलं."

त्यांचं हे वाक्य मला त्या दिवसाचं सार वाटतं, कारण त्यानंतर मी इंजिनाकडे उलट बाजूनं बघायला लागलो. मी धातू बघत होतो, आबा फटी बघत होते. क्रँक ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, तिथे फिरण्याच्या वेगानंच ऑइल पाचरीसारखं आत ओढलं जातं आणि क्रँकला उचलून धरतं. तो थर काही मायक्रॉनचा. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्याच्या कितीतरी पट पातळ. मघाचे ते दीड टन शेवटी येऊन टेकतात ते या थरावर. थर शाबूत असेल तर झीज जवळपास नाहीच, आणि तो शाबूत राहायला तीन गोष्टी लागतात, ऑइल पुरेसं हवं, स्वच्छ हवं आणि दाबानं पोचायला हवं. तळाशी तीन लिटरांच्या आसपास ऑइल असतं. तेच पंपातून पुन:पुन्हा फिरतं, जळालेली काजळी आणि धातूचा चुरा पोटात घेतं, आणि हळूहळू थकतं. पाच-सात हजार किलोमीटरला ते बदलायचं. ऑइल काळं पडलं म्हणजे वाईट झालं असं मात्र नाही, काळं पडणं म्हणजे ते घाण उचलतंय. काजळी भिंतीवर राहण्यापेक्षा ऑइलमध्ये आलेली बरी.

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू केल्यावर पहिले काही क्षण वरच्या कॅमपर्यंत ऑइल पोचलेलं नसतं. इंजिनाच्या झिजेचा फार मोठा वाटा या क्षणांत पडतो. गाडी चालू करताच अॅक्सिलरेटर खच्चून दाबून घुर्र घुर्र करणारी माणसं बघितली की आता मला अंगावर ओरखडा उठल्यासारखं होतं. अर्धा मिनिट थांबावं आणि हळू निघावं. आणि ऑइलचा लाल दिवा चालताना लागला तर पुढच्या गावापर्यंतसुद्धा जाऊ नये, तिथेच बंद करावी.

दुसरी फट पिस्टन आणि भिंत यांच्यातली. भिंत बिडाची, पिस्टन अॅल्युमिनियमचा. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या दुपटीनं फुगतं. म्हणून थंड असताना पिस्टनभोवती मिलिमीटरच्या काही शतांशांची जागा मोजून ठेवलेली असते. जागा जास्त झाली तर वायू निसटतो आणि ऑइल वर चढून निळा धूर निघतो. कमी झाली तर पिस्टन फुगून भिंतीला चिकटतो, इंजिन सीझ होतं. उरलेली फट तीन रिंगा सांभाळतात, दोन वायू अडवायला आणि एक ऑइल निपटायला.

आणि इथे आपला देवळा येतो. उन्हाळ कांदा काढायची वेळ, मक्याची मळणी, वाऱ्यावर उडणारा भुसा, उमराण्याच्या मार्केटकडे रांगेनं चाललेले ट्रॅक्टर, कच्च्या शिवाररस्त्याचा फुफाटा. लाख किलोमीटर चालताना हे इंजिन साधारण ४५ हजार घनमीटर हवा ओढतं. त्या हवेत घनमीटरमागे एकच मिलिग्रॅम धूळ धरली तरी ४५ ग्रॅम होते, आणि फुफाट्यातून जाणाऱ्या गाडीला याहून कितीतरी जास्त मिळते. आपली माती काळ्या कातळाची. त्या कातळातली खनिजं बिडापेक्षा कठीण, आणि त्याच्या पोकळ्यांतली गारगोटी तर आणखीच कठीण. या पुडीतले बरेच कण ऑइलच्या थराएवढ्याच जाडीचे असतात. त्याहून बारीक कण थरातून तरंगत निघून जातात, फार मोठे फटीत शिरत नाहीत. नेमके मधले कण दोन्ही बाजूंना एकदम टेकतात आणि घासतात. एअर फिल्टरचा घडीघडीचा कागद हे कण अडवतो. शहरातल्या माणसाच्या पुस्तिकेत फिल्टर बदलायचं जे अंतर लिहिलंय, ते आपल्याकडे निम्मं समजावं. कॉम्प्रेसरच्या हवेनं फिल्टर झटकताना आतून बाहेर फुंकावा. बाहेरून फुंकला तर धूळ कागदात आणखी रुतते आणि कागद फाटला तर कळतही नाही. आबांनी आमचा फिल्टर उन्हाकडे धरून दाखवला. उजेड कुठूनच येत नव्हता. गाडी ॲव्हरेज देईना असं मी महिनाभर म्हणत होतो, त्याचं कारण त्या दोन बोटं जाड कागदात होतं.

पण हेड कशानं गेलं? पाण्यानं. जळताना वायूचं तापमान दोन हजार अंशांच्या पुढे जातं, आणि अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन आणि हेड वितळत नाहीत, कारण आग क्षणभरच असते आणि पलीकडून पाणी सतत उष्णता काढून नेत असतं. पेट्रोलमधल्या उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांकडे जातो. बाकीची धुरातून आणि रेडिएटरमधून वाया जाते. रेडिएटरचं झाकण आतला दाब वाढवून ठेवतं, त्यामुळे पाणी शंभर अंशांना न उकळता ११५-१२० पर्यंत तग धरतं. म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नये, दाब सुटताच सगळं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं.

आमच्या गाडीत कित्येक वर्षं बोअरचं पाणी पडत होतं. कमी झालं की बाटली ओतायची, एवढीच माहिती. देवळ्याकडच्या बोअरचं पाणी चुलीवरच्या पातेल्यात पांढरा थर धरतं हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरत होता, हे मात्र आमच्या मनात कधी आलं नाही. आबांनी नळीत तार घालून दाखवली, अर्ध्यात अडली. कूलंट फक्त बर्फाच्या मुलखासाठी असतं हा समज आमच्याकडे पक्का आहे. खरं तर ते उकळबिंदू वाढवतं आणि आतला गंज रोखतं. ते शुद्ध पाण्यात कालवून घालावं.

घाटाचा हिशेबही मी केला. माणसांसकट गाडी हजार किलो, दर १५ मीटरला १ मीटर चढ आणि वेग ४० धरला, तर निव्वळ चढायला दहा हॉर्सपॉवर लागतात. इंजिनाकडे ३७ आहेत. म्हणजे घाट या इंजिनाला जड नाही, अजिबात नाही. पण चढावर वेग कमी, समोरून वारा कमी, इंजिनाचे फेरे जास्त, आणि अर्ध्या बुजलेल्या नळ्या. पाणी उकळलं, अॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलं, हेड गॅस्केट एका जागी फाटलं, आणि शेजारच्या वाटेनं पाणी ऑइलमध्ये उतरलं.

हेड किती वाकलं? आबांनी त्यावर सरळ धारेची पट्टी उभी ठेवली आणि खालून फिलर गेजचं पातं सरकवलं. पाच शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलेलं हेड बसवायचं नाही, हा नियम. पाच शतांश म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीपेक्षा कमी. आमचं दोन पानांएवढं वाकलेलं होतं. मालेगावला मशीनवर फेसिंग करून आणलं, तेव्हा त्यात माझा चेहरा दिसत होता.

दरम्यान आबांनी पेट्रोलची रबरी नळी दाबून बघितली आणि बदलली. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. विठेवाडीच्या साखर कारखान्याच्या तालुक्यात उसापासून इंधन होतं हे कोणाला सांगायला नको. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून मिश्रणातही सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. शिवाय त्याला जळायला हवा कमी लागते. नव्या गाडीचा कॉम्प्युटर हे ओळखून इंधन वाढवतो. जुन्या कार्बोरेटरचं भोक तेवढंच राहतं, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं आणि गाडी कधी मिसिंग करते. जुनं रबर इथेनॉलनं मऊ पडतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. महिनोन्महिने शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीची टाकी म्हणून नीट बघावी. यात इंधनाचा दोष आहे असं मला वाटत नाही. चाळीस वर्षांपूर्वी आखलेल्या भोकाला आजचं इंधन माहीत नव्हतं, एवढंच.

हे इंजिन का टिकतं, याचं उत्तर मला जोडणी चालू असताना मिळालं. एक तर त्याच्याकडून फार मागितलेलं नाही. एका लिटरच्या मापानं त्याची ताकद पन्नास हॉर्सपॉवरच्या आत बसते, आणि आजची टर्बोवाली छोटी इंजिनं तेवढ्याच मापात शंभरच्या आसपास काढतात. दुसरं, गाडीच हलकी, साडेसहाशे किलोंच्या आसपास. आणि तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. झिजण्याची सोय त्याच्या जन्मापासून आहे. सिलिंडरची भिंत झिजली तर लेथवाला ती पाव मिलिमीटरनं मोठी करून देतो, आणि पाव मिलिमीटरनं मोठे पिस्टन दुकानात तयार मिळतात. पुन्हा झिजली तर अर्ध्या मिलिमीटरचे. ज्यांनी हे आखलं त्यांनी मान्य केलं होतं की वस्तू झिजणार, आणि कुठल्यातरी लहान गावात कुठलातरी कारागीर ती पुन्हा उभी करणार. त्यांनी त्या अनोळखी कारागिरासाठी भिंतीत धातू राखून ठेवला.

तिसऱ्या दिवशी हेड बसलं. बोल्ट मधून सुरू करून कडेला, तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळत. मग टायमिंग बेल्ट. दातेरी रबरी पट्टा, क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, म्हणून वरच्या चक्राला दुप्पट दाते. दोन्ही खुणा जुळवताना आबांनी श्वास रोखला होता, एक दाता चुकला तरी व्हॉल्व्ह अवेळी उघडतात. लाख किलोमीटरच्या आत हा पट्टा बदलायचा, तो तुटायच्या आधी काहीच सांगत नाही. शेवटी टॅपेट. कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांडीत मिलिमीटरच्या साधारण सातव्या हिश्श्याची फट. वहीची दोन पानं. फट नसेल तर तापलेला व्हॉल्व्ह लांब होऊन पूर्ण मिटत नाही, कडा जळते. जास्त असेल तर टकटक वाजतो. आबांनी पातं घातलं, स्क्रू फिरवला, पातं ओढून बघितलं. "लोण्यातून सुरी निघाली पाहिजे. ढिली नको, अडायला नको." सहा व्हॉल्व्ह, सहा वेळा.

चोक ओढला, किल्ली फिरवली. दोन आचके आणि मग ती जुनी, ओळखीची थरथर.

आबांनी हात पुसला, एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक हेडवर टेकवलं आणि मूठ कानाच्या हाडाला लावली. डोळे मिटले. मग तो माझ्या हातात दिला. बाहेरून कर्कश वाटणारं इंजिन आतून वेगळंच ऐकू आलं. अगदी जवळून, चाळणीवर रेती सरकावी तशी ऑइलची सळसळ, तिच्यावर टॅपेटचे बारीक ठोके, आणि सगळ्याच्या खाली, पहिला, तिसरा, दुसरा. पहिला, तिसरा, दुसरा. मी ती मधली रिकामी जागा ऐकू येते का ते बघत राहिलो. आबा दुसऱ्या गाडीकडे गेले होते.